एक सीएल आकाशासाठी

रॉकेट नाही, थ्रीडी शो नाही, वर मोबाइलही बंद. तरीही अख्ख्या फॅमिलीला घेऊन खोडदला जाच!

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि आमच्या नाहूरच्या वन बीएचकेमध्ये फर्मान निघालं, 'बाबा, मला रॉकेट बघायचंय. टीव्हीवरचं नाही, खरंखुरं!'

अशा वेळी आईबाबांचं ठेवणीतलं उत्तर असतं, 'बघू हं.' त्यावर बरेच दिवस निघाले. वरळीचं नेहरू तारांगण आणि नेहरू सायन्स सेंटर शाळेच्या पिकनिकमध्येच करून झालं होतं. श्रीहरिकोटाला २०१९ पासून प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे, तिथून उड्डाण बघता येतं. पण उड्डाणाची तारीख ऐनवेळी पुढे जाऊ शकते, आणि आमच्या ऑफिसात दोनदा लीव्ह सँक्शन करून घेणं हीच एक अंतराळ मोहीम!

शेवटी कँटीनमध्ये चहा पिताना एका मित्रानं विचारलं, 'खोडदला का नाही जात?'

खोडद हे जुन्नर तालुक्यातलं गाव, नारायणगावपासून दहा-पंधरा किलोमीटरवर. तिथं जीएमआरटी आहे, म्हणजेच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या एनसीआरए या केंद्रानं ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या तब्बल ३० डिश! एरवी तिथं शास्त्रज्ञांचं काम चालू असतं. पण २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, तुमच्याआमच्यासाठी दारं उघडतात.

मेख एकच. २८ फेब्रुवारी आला होता नेमका आठवड्याच्या मधे. म्हणजे सीएल टाकणं आलं, तीही इयर एंडिंग तोंडावर असताना. मी अर्जात 'फॅमिली फंक्शन' लिहून टाकलं. बायकोनं खरं कारण लिहिलं आणि तिची रजा माझ्याआधी मंजूर झाली!

अडून बसले ते अण्णा, म्हणजे माझे वडील. 'मला कशाला नेताय? मला त्यातलं काय कळतंय!' अण्णा ३१ वर्षं भांडुपच्या एका इंजिनीअरिंग कंपनीत फिटर होते. कंपनी बंद पडली, जागेवर टॉवर उभे राहिले. नाहूर, भांडुप, मुलुंड पट्ट्यातल्या अनेक घरांत ही गोष्ट थोड्याफार फरकानं सापडेल. तेव्हापासून अण्णा कामाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. नातीनं 'आजोबा, तुम्ही नाही तर मीपण नाही' असं जाहीर केलं, तेव्हा कुठे स्वारी तयार झाली.

पावसाशिवाय मालशेज

पहाटे साडेपाचला निघालो. ठाणे, कल्याण, मुरबाड करत मालशेज घाट. आपल्या डोक्यात मालशेज म्हणजे जुलै, धबधबे आणि ट्रॅफिक जॅम. फेब्रुवारीतला मालशेज वेगळाच. काळेकभिन्न कडे, पिवळं गवत आणि रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारखा मोकळा! घाट संपला की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी सोबत करतं. मग ओतूर, आळेफाटा आणि नारायणगाव. हे विठाबाई नारायणगावकरांचं गाव, तमाशाची पंढरी. या दिवसांत रस्त्याकडेला द्राक्षांचे स्टॉल असतात. आम्ही दोन किलो घेतली, खोडद येईपर्यंत एक किलो उरली.

शेतांतून गाडी चाललेली असताना लेक एकदम ओरडली, 'ते बघा!' उसाच्या मागून एक अवाढव्य वाटी आकाशाकडे तोंड करून उभी. मग दुसरी, तिसरी. ३० पैकी १४ डिश साधारण एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांसारख्या लांब पसरल्यात, पार शेतांच्या आणि गावांच्या पलीकडे. सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरनं मध्यवर्ती इमारतीत येतात आणि कॉम्प्युटर ते एकत्र जुळवतो. मग या ३० डिश मिळून सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखं बारीक बघू शकतात. नाहूरहून डोंबिवलीच्या पलीकडे जाईल एवढी डिश डोळ्यांसमोर आणा!

गेटवर पहिली सूचना : मोबाइल बंद. सायलेंट नाही, बंद! आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात, की त्यांच्यापुढे खिशातला मोबाइल म्हणजे विसर्जन मिरवणुकीतला डीजे. मुळात खोडद निवडलं तेच अशा गोंगाटापासून दूर म्हणून. आजूबाजूचे डोंगरही शहरांचा आवाज थोडा अडवतात. पहिला तासभर माझा हात आपोआप खिशात जात होता. क्लायंटचा फोन आला असेल, बॉसचा मेल असेल... नंतर हात शांत झाला.

चाळणीतून आकाश

आत जत्राच होती. पंचक्रोशीतल्या शाळा आपापले प्रयोग मांडून बसल्या होत्या. युनिफॉर्ममधली मुलं हात धरून स्टॉलवर नेत होती, 'काका, आमचं मॉडेल बघा ना!'

पण आमची मॅडम फुरंगटलेली. 'रॉकेट कुठाय?'

तिथं माहिती देणाऱ्या एका संशोधक ताईनं तिला मस्त पटवलं. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा बारीकसा सिग्नल कोट्यवधी किलोमीटरवरून कुणी पकडला? याच डिशनी! उतरायला थोडाच वेळ राहिला असताना सिग्नल तुटला. यान कोसळलं होतं. 'म्हणजे तुम्ही त्याचा शेवटचा आवाज ऐकलात?' लेकीनं विचारलं. ताई म्हणाली, 'तसंच म्हण.' रॉकेटचा विषय तिथं संपला.

आणखी एक गोष्ट ताईनं सांगितली. एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल इथं पकडला गेला, त्याची बातमी जानेवारी २०२३ मध्ये आली. तो निघाला होता ८८० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा आपली पृथ्वीही नव्हती!

मग आम्ही डिशजवळ गेलो. बघतो तर ती पत्र्याची नाहीच. बारीक तारेची जाळी! आरपार आभाळ दिसतंय. लेकीचा प्रश्न तयार, 'एवढी भोकं? मग सिग्नल गळून नाही जात?'

उत्तर अण्णांनी दिलं. 'पिठाच्या चाळणीत गहू टाकला तर खाली पडतो का? लाट मोठी असेल, भोक लहान. लाट अडते, वारा निघून जातो. एवढा मोठा पत्रा लावला असता ना, तर वाऱ्यात शिडासारखा फुगला असता. मग खालचं सगळं किती दणकट करावं लागलं असतं! वजन वाढलं, खर्च वाढला.'

ताई बघतच राहिली. 'काका, अगदी बरोबर!' मग तिनं आकडे सांगितले. हायड्रोजनच्या त्या लहरीची मूळ लांबी २१ सेंटीमीटर, जाळीची भोकं मधल्या भागात १ सेंटीमीटर, कडेला २. स्टीलच्या सांगाड्यावर तारेचे दोर ताणून त्यावर ही जाळी बसवलीय. या डिझाइनला नावच आहे 'स्मार्ट'. त्यामुळे डिश हलकी झाली आणि बाहेरच्या देशांच्या मानानं खूप स्वस्तात तयार झाली.

'तुम्ही कुठे होतात, काका?'

'फिटर होतो. भांडुपला.'

कंपनी बंद पडल्यापासून त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. शाळेच्या मुलांचा एक घोळका तिथं थांबलेला. ताई म्हणाली, 'मग यांना तुम्हीच समजावून सांगा ना.' पुढची वीस मिनिटं अण्णा डिशकडे हात करून बोलत होते. ताण कसा द्यायचा, वजन कसं तोलायचं, एवढं धूड सावकाश फिरवायला गिअर कसे लागतात. मी १२ वर्षं कॉर्पोरेटमध्ये प्रेझेंटेशन्स देतोय. एवढं लक्ष देऊन मला कुणी ऐकल्याचं आठवत नाही.

कल्याण फास्ट

खरा धक्का पुढेच होता. या सगळ्याची सुरुवात झाली कुठे? चक्क आपल्या कल्याणला! होमी भाभांनी बोलावल्यावर गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा संस्थेत आले. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या ३२ छोट्या डिश, प्रत्येकी १.८ मीटरची, भारताला मिळाल्या होत्या. त्या त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला उभ्या केल्या आणि सूर्याचा अभ्यास सुरू केला. त्यानंतर १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण आली. मग १९९० च्या दशकात खोडदचं काम झालं आणि २००२ पासून जगभरातले शास्त्रज्ञ ही दुर्बीण वापरू लागले. प्रोफेसर स्वरूप २०२० मध्ये गेले.

परतताना कल्याणच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा लेक झोपली होती. मोबाइल सुरू केला, १९ मिस्ड कॉल. त्यातला एकही असा नव्हता, की जो दुसऱ्या दिवशी केला असता तर आभाळ कोसळलं असतं. मागच्या सीटवर अण्णा बायकोला सांगत होते, त्यांच्या शॉपमध्ये एकदा क्रेनचा दोर कसा तुटला आणि चौघांनी मिळून रात्रीत कसा बसवला. लग्नाला १० वर्षं झाली, तिनं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

पुढच्या रविवारी अण्णा नातीला घेऊन फिरायला गेले. एरवी टॉवरचा तो रस्ता ते टाळतात. त्या दिवशी मुद्दाम तिकडूनच गेले. घरी आल्यावर लेक म्हणाली, 'बाबा, त्या टॉवरचं पार्किंग आहे ना, तिथं आजोबांचं मशीन होतं. तुम्हाला माहीत होतं?'

मला माहीत नव्हतं.

जायचंय?

कधी : २८ फेब्रुवारीच्या आसपास. नक्की तारीख आणि वेळ आधी एनसीआरएच्या वेबसाइटवर बघून घ्या.

कसं : नाहूर-ठाणे-कल्याण-मालशेज-आळेफाटा-नारायणगाव-खोडद. एसटीनं जायचं तर कल्याणहून मालशेजमार्गे आळेफाटा गाठा, पुढे नारायणगाव.

सोबत : टोपी, पाणी, डबा. ऊन कडक असतं.

मुक्काम करणार असाल तर : दुसऱ्या दिवशी शिवनेरी.

आणि हो : ऑफिसला आधीच सांगून ठेवा, फोन लागणार नाही. घरातल्या ज्येष्ठांना घरी ठेवू नका!