घर फिरतं, खरंच फिरतं!

बस्टर कीटनचा ‘वन वीक’ पाहिला आणि राहवेना, भेटेल त्याला सांगत सुटलोय! १९२० सालचा मूकपट, पुरता अर्ध्या तासाचाही नाही, आणि इतकी वर्षं कुणी मला हा दाखवला कसा नाही?

गोष्ट एवढीशी. नव्या जोडप्याला लग्नात जमिनीचा तुकडा आणि खोक्यांत भरलेलं घर भेट मिळतं. आकड्यांप्रमाणे खोकी फोडा, भाग जोडा, झालं घर! पण नवरीने नाकारलेला एक जण रागाच्या भरात खोक्यांवरचे आकडे बदलतो. आणि नवरा झालेला बस्टर? तो सूचनांचा कागद तंतोतंत पाळतो! त्यातून उभं राहतं ते घर पाहाच: भिंती तिरक्या, स्वयंपाकघरातलं सामान बाहेरच्या बाजूला, वरच्या मजल्याचा दरवाजा उघडला की समोर नुसती हवा. हे सगळं करताना त्या चोवीस वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नाही.

मग तेरा तारखेचा शुक्रवार, पाहुणे जमलेले, वादळ सुटतं आणि अख्खं घर गरगर फिरायला लागतं. कॅमेऱ्याची करामत नाही हो! कीटनने ते घर फिरत्या चौथऱ्यावरच बांधून घेतलं होतं. तो आत शिरायला धावतो, दार निघून जातं, भिंत येऊन आदळते. मी खुर्चीतून उठून उभा होतो!

आणि सिबिल सीली! तिच्याबद्दल कुणी बोलत का नाही? ही नवरी नुसती किंचाळत उभी राहत नाही, त्याच्या बरोबरीने राबते. टबात बसलेली असताना साबण बाहेर पडतो, तो उचलायला ती वाकणार, तेवढ्यात एक हात पुढे येऊन कॅमेऱ्याचं भिंगच झाकतो! १९२० साली! पडद्यावरची बाई आपल्याकडे बघून हसते आणि आपण पकडले जातो.

शेवटी घर दुसरीकडे ओढून नेताना ते रुळांवर अडकतं, आगगाडी येते... पुढचं सांगणार नाही. एवढंच सांगतो, मी डोळे मिटले, सुटकेचा श्वास टाकला आणि तिथेच फसलो.

सीली पुढच्याच वर्षी कीटनच्या ‘द बोट’मध्ये पुन्हा त्याची बायको झालीय म्हणे. इथे घर होतं, तिथे होडी. लावतोच आता!