कारूच्या वाटेवरील शेतदुकाने

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनहून जोहान्सबर्गकडे जाणारा सुमारे १,४०० किलोमीटरचा महामार्ग वाटेत कारू हा अर्धवाळवंटी प्रदेश ओलांडतो. ‘कारू’ हे नाव तेथील मूळ रहिवासी खोई लोकांच्या भाषेतून आले असून ‘कोरडी भूमी’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. बहुतेक भागात वर्षाकाठी ३०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. खुरटी झुडपे, मेंढ्यांचे कळप आणि पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या यांखेरीज मैलोगणती काही दिसत नाही. अशा ओसाडीत रस्त्याकाठी शेतमालाचे एखादे दुकान आढळते. आफ्रिकान्स भाषेत त्याला ‘पाडस्टाल’ म्हणतात. ‘पाड’ म्हणजे रस्ता.

या दुकानांमागे सरळ व्यापारी हिशेब आहे. स्वार्टबर्ग पर्वताच्या दोन्ही अंगांना, जेथे डोंगरातील झऱ्यांचे पाणी मिळते, तेथे जर्दाळू, द्राक्षे, अंजीर आणि ऑलिव्ह यांच्या बागा आहेत. प्रिन्स अल्बर्ट गावात हे पाणी रस्त्याकडेच्या पाटांतून पाळीपाळीने दिले जाते. पिकलेला जर्दाळू मात्र फार दिवस टिकत नाही आणि मोठी बाजारपेठ शेकडो किलोमीटर दूर. म्हणून फोडींना गंधकाची धुरी देऊन त्या उन्हात वाळवतात. द्राक्षरस आटवून आपल्या काकवीसारखा दाट पाक करतात. कलिंगडाच्या सालीच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवून पाकात शिजवतात. आपल्याकडे पेठा होतो तो याच युक्तीने. नाशवंत माल असा टिकाऊ होतो आणि दारातच विकला गेल्याने मध्यस्थाचा नफा शेतकऱ्याकडेच राहतो.

गेल्या दशकाच्या उत्तरार्धात कारूत दीर्घ दुष्काळ पडला आणि अनेकांना आपले कळप कमी करावे लागले. शेतीचे उत्पन्न आटले तरी वाटसरू येतच राहतात, हा अशा दुकानाचा आधार. परंतु २०२० च्या टाळेबंदीत रस्तेही ओस पडले. उत्पन्नाचा दुसरा मार्ग जोखीम वाटून घेतो, नाहीशी करीत नाही, हा धडा तेथेही मिळाला.

जैन प्रवाशाने येथे सावध राहणे इष्ट. ‘बिल्टाँग’ म्हणजे वाळवलेले मांस, आणि ते बहुतेक दुकानांत समोरच टांगलेले असते. मध सर्वत्र विकला जातो. ‘बेस्काइट’ नावाच्या टोस्टमध्ये अंडे असू शकते, विचारूनच घ्यावे. पंच उदुंबरांच्या त्यागात अंजीरही धरणाऱ्यांनी त्याचा मुरंबा टाळावा. तरीही जर्दाळू, मनुका, बदाम आणि द्राक्षांचा पाक एवढी शिदोरी सहज मिळते.

एक प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. १९१३ च्या भूमी कायद्याने या देशातील बहुतांश जमीन कृष्णवर्णीयांना विकत घेण्यास बंदी केली. कायदा गेला, पण त्याचे परिणाम सरलेले नाहीत. आजही बागेत फळे तोडणारे हात पुष्कळदा मालकाचे नसतात. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त मार्गानुसारी गृहस्थाच्या पस्तीस गुणांत ‘न्यायसंपन्न वैभवा’ला पहिले स्थान दिले आहे. त्या कसोटीवर बरणीचा दर्जा जेवढा महत्त्वाचा, तेवढाच तिच्या किमतीतून श्रमणाऱ्याला मिळणारा वाटाही. वाटेवर थांबून खरेदी करणाऱ्याने घासाघीस करण्याआधी हा माल कोणी तयार केला, एवढे तरी विचारावे.