पाइप, अम्मा आणि पन्नास ग्रॅम तंबाखू

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पाइप ओढायला शिकलो. त्याआधी मी कधी सिगारेट ओढली नव्हती आणि विडीही नाही. आमच्या घरात विडी ही ओढायची वस्तू नव्हती, वळायची होती. अम्मानं तीसेक वर्षं सोलापुरात विड्या वळल्या. त्याच पैशात आम्हा भावंडांच्या वह्या आल्या, चपला आल्या, कॉलेजची फी आली. त्यामुळे तंबाखू म्हटलं की मला धूर आठवत नाही. अम्माच्या मांडीवरचं सूप आठवतं.

मग हे पाइपचं खूळ कुठून आलं? कॉलेजात आम्हाला इतिहास शिकवणारे सर गेल्या वर्षी गेले. काही महिन्यांनी काकूंनी बोलावून घेतलं. पुस्तकं ग्रंथालयाला देऊन झाली होती. टेबलावर सरांचा पाइप होता आणि शेजारी तंबाखूचा एक न उघडलेला गोल डबा, ५० ग्रॅमचा. परदेशातून मुलानं आणलेला, सरांनी जपून ठेवलेला, उघडायचा राहून गेलेला. काकू म्हणाल्या, "टाकवत नाही आणि डोळ्यांसमोर ठेववतही नाही. तू घेऊन जा."

मी घेऊन आलो. आणि तेव्हाच ठरवलं की सर ज्या गोष्टीत इतके रमायचे ती काय आहे ते पाहायचं, पण एवढ्या एका डब्यापुरतंच. डबा संपला की शिक्षण संपलं. पाइपच्या एका भरणीला दोन-अडीच ग्रॅम तंबाखू लागतो. म्हणजे वीसेक वेळा. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री, इशाची नमाज झाल्यावर, गच्चीत.

पाइप ओढणं सोपं असेल असं वाटलं होतं. सिनेमात रेशमी गाऊन घातलेला श्रीमंत बाप पाइप तोंडात धरून जिना उतरतो आणि मुलीचं लग्न मोडतो. त्याचा पाइप कधी विझत नाही. माझा पहिल्या रात्री नऊ वेळा विझला. काडेपेटी निम्मी झाली, जीभ पोळली आणि वाटीच्या तळाशी ओला, अर्धवट जळालेला चोथा उरला.

मग नीट वाचून काढलं. तंबाखू तीन थरांत भरायचा. पहिला थर नुसता ओघळू द्यायचा, दुसरा हलक्या बोटानं बसवायचा, तिसरा जरा दाबून. न पेटवता एकदा ओढून बघायचं. सरबताच्या नळीतून ओढताना जेवढा अडसर जाणवतो, तेवढाच जाणवला पाहिजे. मग काडी वाटीवर गोल फिरवत पेटवायचं. वरचा तंबाखू फुगून वर येतो, तो टॅम्परनं म्हणजे दाबायच्या छोट्या धातूच्या दांडीनं अलगद बसवायचा आणि पुन्हा पेटवायचं. पहिलं पेटवणं विझण्यासाठीच असतं. त्यानंतर चहा फुंकून घोट घोट पितो तशा बेतानं ओढायचं. वाटी हाताला चटका देऊ लागली की समजायचं, आपण घाई करतोय. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. गुडगुड ऐकू आली तर नळीत ओल साचली आहे, त्यातून लोकर गुंडाळलेली तार फिरवायची. गरम असताना नळी वाटीपासून उपसायची नाही, जोड सैल होतो. आणि एकदा ओढून झाल्यावर पाइपला दिवसभर तरी विसावा द्यायचा, म्हणजे लाकूड वाळतं.

लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राच्या काठावर वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ तयार होते. ती खणून काढतात, तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात आणि मग कोरतात. ही गाठ सहसा जळत नाही. फ्रान्समधलं सेंट-क्लोद हे गाव या धंद्यावर नावारूपाला आलं. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या जमिनीतून मीरशॉम नावाचा पांढरा, हलका दगड निघतो, त्याचेही पाइप होतात आणि ओढता ओढता ते मधासारखे पिवळे पडतात. अमेरिकेत मिसुरीला मक्याच्या कणसाचे करतात, ते सगळ्यात स्वस्त. नवख्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी असं जाणकार सांगतात.

सरांच्या डब्यातल्या मिश्रणात लटाकिया होता. हे सीरियातल्या एका बंदराचं नाव. तिथे तंबाखूची पानं लाकडाच्या धुरावर धरत, त्यामुळे डबा उघडला की चुलीजवळ बसल्यासारखा वास येतो. हा वास आणि सीरियाच्या बातम्या माझ्या डोक्यात काही केल्या वेगळ्या होईनात.

सर वर्गात अकबर शिकवताना असद बेगची गोष्ट हमखास सांगायचे. १६०४ च्या सुमारास अकबराचा हा सरदार विजापूरच्या आदिलशाही दरबारातून आग्र्याला परतला. येताना त्यानं इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणला आणि एक सुरेख, रत्नजडित पाइपही. दरबाराला हे नवीन होतं. बादशहानं दोन-चार झुरके घेतले. हकीम पुढे झाले आणि म्हणाले, आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, हुजुरांनी घेऊ नये. असद बेगनं वाद घातला की प्रत्येक रीत कधीतरी नवीनच असते. अकबरानं दोघांचं ऐकून घेतलं, स्वतः पुन्हा ओढला नाही, पण दरबाऱ्यांना मुभा दिली. काही वर्षांत तंबाखू उमरावांत एवढा पसरला की १६१७ मध्ये जहांगीरनं त्यावर बंदी घातली. त्या बंदीचं पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतोच.

सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर. म्हणजे तंबाखू आग्र्याला गेला तो आमच्या दख्खनेतून. पुढे त्याचा हुक्का झाला आणि बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूत चांदी जडवून त्या हुक्क्यांचे असे बुडखे घडवले की ते आज जगभरच्या संग्रहालयांत काचेआड ठेवले आहेत. मुसलमान आणि हुक्का ही जोडी सिनेमावाल्यांनी फार वापरली. पण माझ्या नात्यात मी हुक्का कधी पाहिला नाही. नवाब एखाद-दुसरा असेल, त्याच्यासाठी राबणारे हजारो होते. आम्ही त्या हजारोंतले.

दुसऱ्या का तिसऱ्या शुक्रवारी जमातीतल्या एका मित्रानं गच्चीत मला पाहिलं आणि विचारलं, "हे जायज आहे का?" प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. तंबाखू अमेरिकेतून आला, त्यामुळे कुराणात किंवा हदीसमध्ये त्याचं नाव असणं शक्यच नव्हतं. उलेमांना कयास करावा लागला आणि तिथे मतं फुटली. कुणी हराम म्हटलं, कुणी मकरूह, कुणी मुबाह. ऑटोमन सुलतान चौथ्या मुरादनं १६३३ मध्ये बंदी घातली आणि ओढणाऱ्यांना देहदंड दिले. त्यानंतर दमास्कसच्या अब्दुल गनी नाबुलुसी या सूफी विद्वानानं तंबाखू मुबाह असल्याचं सांगणारा आख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा असा की अल्लाहनं जे निषिद्ध केलं नाही ते निषिद्ध करण्याचा अधिकार सुलतानाला कुणी दिला?

हा मुद्दा मला आजही मोलाचा वाटतो, फक्त तंबाखूपुरता नाही. पण नाबुलुसीच्या काळात तंबाखूनं कर्करोग होतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. स्वतःला इजा करू नका, दुसऱ्यालाही करू नका, हे तत्त्व मान्य केलं की आजच्या बहुतेक उलेमांनी घेतलेला कडक पवित्रा समजतो. मित्राला मी सांगितलं, "मला विचारशील तर मकरूहच्या अलीकडे नाही. पलीकडे किती, ते तू मौलानांना विचार." तो हसला आणि म्हणाला, "मग ओढतोस कशाला?" मी म्हणालो, "वीस वेळांसाठी."

खरा प्रश्न मात्र अम्माचा होता. ती आता आमच्याकडे पुण्यात असते. तिला दमा आहे. विडीचा तंबाखू कोरडा, भुकटीसारखा असतो, तो श्वासाबरोबर आत जातो आणि बंद खोलीत आठ-दहा तास बसणारीच्या छातीत त्याचं काय होतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. म्हणून मी गच्ची निवडली होती, कपडेही वर बदलून खाली यायचो. पण तिचं नाक तीस वर्षं तंबाखूत मुरलेलं. चौथ्या शुक्रवारी जिन्यात उभी राहून म्हणाली, "जो बास मेरे हातां कू उमरभर लग्या, वो तू पैसे दे के ला रहा क्या रे?"

मी सगळं सांगितलं. सर, काकू, डबा, वीस वेळा. तिनं डबा मागितला. उघडला, नाकाशी नेला नाही, दोन बोटांत चिमूट घेऊन चोळली. लगेच म्हणाली, "गीला है. कागद पो फैला के रख घंटाभर." पाइप ओढणाऱ्यांच्या लेखांत यावर पानंच्या पानं आहेत, डब्यातला तंबाखू ओलसर असतो, भरण्याआधी किती वाळवावा, चिमटीत धरून कसं ओळखावं. नवख्यांना हे समजायला वर्ष लागतं म्हणतात. अम्माला एक चिमूट पुरली.

तासाभरानं तिनं पाइप माझ्या हातातून घेतला आणि स्वतः भरला. मी पाहत होतो. विडी वळणाऱ्या बाईची बोटं पाहिलीत का कधी तुम्ही? रात्री भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू सारखा पसरायचा, वळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोऱ्याची गाठ मारायची. दिवसाला हजारच्या आसपास. सैल वळली तर ढासळते, घट्ट वळली तर ओढली जात नाही. कारखान्याच्या ब्रँचमध्ये तपासणारा मूठभर विड्या उचलायचा आणि नापसंत म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी नाही. बाजूला काढलेल्या विड्या कुठे जात, हे त्या बायकांना कधी कळलं नाही. हाताला दाब किती हवा हे अम्मा त्या बाजूला काढलेल्या विड्यांतून शिकली होती.

टॅम्पर बाजूला ठेवून ती अंगठ्यानं दाबत म्हणाली, "हल्लू दाब. अंगार कू बी सांस होना."

त्या रात्री पाइप एकदाही विझला नाही. तळाशी करडी, कोरडी राख उरली.

ती खाली गेल्यावर मी बराच वेळ बसून होतो. पाइप ओढणारा माणूस विचारवंत असतो अशी एक समजूत आहे, आइन्स्टाइन आणि रसेलच्या फोटोंनी ती पक्की केली. पाइप ही सवड असलेल्यांची वस्तू, विडी ही सवड नसलेल्यांची. पण तंबाखू भरण्याचं सगळं शास्त्र, ओल, चिमूट, दाब, हवा, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या बोटांत होतं आणि त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला. सोलापूरजवळ कुंभारीला या बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. ती लढून मिळाली. तरी अम्माला तिचा धंदा विचारला तर आजही ती "कुछ नई, घर में रहती थी" असंच सांगते. त्या रात्रीनंतर मी माझ्या मुलांना सांगितलं की दादीचा व्यवसाय लिहायचा असेल तिथे "विडी कारागीर" असं लिहायचं.

तब्येतीचं स्पष्टच लिहितो, कारण हे वाचून कुणी पाइप विकत घ्यायला निघेल. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. ओठ, जीभ, घसा आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका पाइपनंही वाढतो. लटाकियाचा वास कितीही जुना आणि पाइपचं लाकूड कितीही देखणं असलं तरी त्यात फरक पडत नाही. आठवड्यातून एकदाच, हे वाक्य बहुतेक व्यसनांच्या सुरुवातीला असतं. म्हणून मी दिवस मोजले नाहीत, ग्रॅम मोजले. रमजान मध्ये आला, तो महिना डबा कपाटात राहिला. ईदनंतर पुन्हा उघडायची घाई झाली नाही, याचं मला बरं वाटलं.

तंबाखू मागच्या आठवड्यात संपला. एकोणीस भरण्या झाल्या. शेवटच्या सहा अम्मानंच भरल्या. दोन फूट लांब बसून, तोंडावर ओढणी धरून, कागदावर वाळलेल्या तंबाखूतून, आणि पेटवायच्या आधी खाली निघून जाऊन. दुसरा डबा आणलेला नाही, आणणारही नाही. पाइप घासूनपुसून सरांच्या फोटोशेजारी ठेवला आहे. काकूंना फोन करून तसं कळवलं. त्यांनी विचारलं, "मग, जमला का तुला?" मी म्हणालो, "मला थोडा. अम्माला पहिल्याच दिवशी."

डबा अम्मानं मागून घेतला. घासला, उन्हात ठेवला, वास जाईपर्यंत चार दिवस ठेवला. आता त्यात तिचा सुईदोरा असतो.