सातच्या आत क्लिनिकलला

नव्वदीच्या अखेरीस न्यू जर्सीतल्या एडिसन, आयसेलिन भागात येऊन राहिलेली आमची मराठी घरं आतून एकमेकांसारखीच होती. नवरा सकाळी मेट्रोपार्कला न्यूयॉर्कची ट्रेन पकडायचा, मुलं शाळेच्या बसने जायची आणि मागे उरायचो आम्ही. कुणी पुण्याहून बीएस्सी होऊन आलेली, कुणी मुंबईची बीकॉम, कुणी रत्नागिरीत चार वर्षं शाळेत शिकवलेली. एच-४ व्हिसावर शिकता येई, नोकरी करता येत नसे. त्या व्हिसावरच्या काही बायकांना कामाची परवानगी मिळाली ती २०१५च्या मे महिन्यात. तोवर आमच्यातल्या बहुतेकींची ग्रीनकार्डं येऊन गेली होती. ती येईपर्यंतची वर्षं हातात होती आणि त्या वर्षांत आमच्यातल्या बऱ्याच जणींनी नर्सिंगला नाव घातलं.

घरी फोन केला की पलीकडे थोडा वेळ कुणी बोलत नसे. मग आई विचारायची, ‘नर्स? तू?’ आपल्याकडे सिस्टरांना कसं राबवतात, कसं बोलतात, हे तिने पाहिलेलं होतं, तेव्हा तिची काळजी खरी होती. पण त्या प्रश्नात दुसरंही काही होतं. परक्या माणसाचं अंग पुसायचं, बेडपॅन उचलायचं, हे आपल्यातल्या मुलींचं काम नाही, ही समजूत आमच्या घरांत मुरलेली होती. पहिल्या सेमिस्टरला एखाद्या आजोबांना कुशीवर वळवून पाठ पुसली आणि त्यांनी हात धरून आभार मानले, की ती समजूत जायची. असं होताना मी कितीतरी जणींना पाहिलं आणि मला त्याचा आजही आनंद वाटतो.

खरा खल व्हायचा तो कुठे शिकायचं यावर. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट डिग्री, नाहीतर विद्यापीठात बीएसएन, म्हणजे नर्सिंगमधली बॅचलर पदवी. भारतातली पदवी असेल तर काही विद्यापीठं बीएसएन वर्ष-दीड वर्षात करून देत. पण तो अभ्यासक्रम पूर्णवेळ, दिवसभराचा आणि फी कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट. ज्यांच्या घरी सासू किंवा आई सहा महिने येऊन राहू शकत होती, त्या तिकडे गेल्या. बाकीच्या कम्युनिटी कॉलेजात. म्हणायला तिथली दोन वर्षं, पण ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, सायकॉलॉजी हे सगळं आधी उरकावं लागे. त्यात चांगले ग्रेड हवेत आणि त्यानंतरही जागेसाठी थांबावं लागे. संध्याकाळी नवरा गाडी घेऊन घरी आला की तीच घेऊन बायको वर्गाला. एका गाडीच्या घरात असे एकेक विषय घेत तीन-चार वर्षं सहज जायची.

मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र विद्यापीठाचं नाव घेतलं की माना डोलायच्या आणि कम्युनिटी कॉलेज म्हटलं की विषय बदलायचा. हे मला तेव्हाही सहन होत नसे. हा दोन वर्षांचा रस्ता काही पळवाट नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसचा तुटवडा होता. मिल्ड्रेड माँटॅग या बाईंनी कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात या अभ्यासक्रमाची कल्पना मांडली, ती १९५१मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी काही कॉलेजांत त्याचा प्रयोग सुरू झाला. या नर्सेसनी पदवीधर नर्सपेक्षा मर्यादित कामं करावीत, असा माँटॅगबाईंचा विचार होता. प्रत्यक्षात परवान्याची परीक्षा दोघींना एकच राहिली. पास झालं की दोघीही आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, आणि वॉर्डात दोघींच्या वाट्याला पेशंटही सारखेच.

त्या वर्षांतली आमची जेवणाची टेबलं मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. एका टोकाला मुलाचा गृहपाठ, दुसऱ्या टोकाला पॉटर-पेरीचा नर्सिंगचा जाडजूड ग्रंथ. फ्रिजवर औषधांची कार्डं, डिगॉक्सिन देण्याआधी नाडी मोजायची, वॉरफरिन असेल तर आयएनआर बघायचा. ही कार्डं मुलांनाही पाठ झालेली. भारतातून आलेल्या सासऱ्यांचं बीपी दिवसातून चारदा घेतलं जाई आणि ते दंडाला पट्टा बांधून निमूट बसत. सुनेने नर्स व्हावं हे ज्यांना सुरुवातीला पटलं नव्हतं, तेच जानेवारीच्या बर्फात पहाटे साडेपाचला उठून तिच्या गाडीची काच खरवडून द्यायचे, कारण सातच्या आत तिला क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाला, पोचायचं असे. रात्रीच भाजी चिरून, कणीक मळून ठेवलेली. नवऱ्यांनी त्या वर्षांत कुकर लावायला आणि मुलींच्या वेण्या घालायला शिकून घेतलं, आणि पुढे ते सोडलं नाही.

एनक्लेक्सच्या, म्हणजे परवान्याच्या त्या परीक्षेच्या, वेळी तर सगळ्या ओळखीच्या घरांचा जीव टांगणीला. परीक्षा संगणकावर, प्रश्न तेव्हा कमीत कमी ७५ आणि जास्तीत जास्त २६५. तुम्ही पास की नापास याची खात्री झाली की संगणक मध्येच बंद व्हायचा. ‘पंचाहत्तरला बंद झाला’ असा फोन आला की धाकधूक आणखी वाढायची, कारण बंद होणं दोन्ही कारणांनी असू शकतं. निकाल कळायला दोन दिवस लागत. पास झाल्याचं कळलं की कुणीतरी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून पेढे घेऊन यायचं.

पुढे वारं बदललं. २०१०मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने २०२०पर्यंत शंभरातल्या ऐंशी नर्सेस बीएसएन असाव्यात अशी शिफारस केली आणि मोठी हॉस्पिटलं नव्या भरतीत बीएसएन मागू लागली. शेजारच्या न्यूयॉर्कने २०१७च्या डिसेंबरात नव्या नर्सेसना परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन करण्याचा कायदाच केला. आमच्या कम्युनिटी कॉलेजवाल्या मैत्रिणी चाळिशी-पंचेचाळिशीत रात्रपाळ्या करून पुन्हा ऑनलाइन अभ्यासाला बसल्या. त्यांच्यावर हे दुहेरी ओझं पडलं हे खरंच आहे. पण कित्येक हॉस्पिटलांनी त्या शिक्षणाच्या फीचा मोठा भाग उचलला आणि तोवर त्यांच्या पगारावर घराचे हप्ते फिटत आले होते. त्या घरांचे तेव्हाचे हिशोब मी जवळून पाहिलेत. त्यांनी निवडलं ते बरोबरच निवडलं, असं माझं ठाम मत आहे.

आता आमच्या मुली आणि भाच्या हाच प्रश्न घेऊन येतात. आम्ही त्यांना आधी कॉलेजचं नाव विचारत नाही. त्या कॉलेजची शंभरातली किती मुलं पहिल्या खेपेला एनक्लेक्स पास होतात, हे राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे बघून ये म्हणतो. कॉलेजला मान्यता आहे का, तिथले क्रेडिट पुढे कुठलं विद्यापीठ धरतं, क्लिनिकल कुठल्या हॉस्पिटलात असतात, हे विचारतो. आणि मग विचारतो, घरात गाड्या किती आहेत.