पहाटे तीन ते चार

वसईत आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे. कॅथलिक. आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणायचो. मुलं परदेशात, बाई गेलेल्या, घरामागे थोडी केळी आणि चाफ्याची चार झाडं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि रात्री स्कूटर चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले आणि जरा संकोचून म्हणाले, "अरे, महिन्यातून एकदा पहाटे पावणेतीनला उठशील का? मला चर्चला सोडायचं. तासाभराने परत आणायचं."

मला वाटलं, काही सण असेल. पण तसं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या आदल्या रात्री त्यांच्या चर्चमध्ये रात्रभर आराधना असते. नोटीस बोर्डावर तक्ता लावलेला असतो. दहा ते अकरा अमुक, अकरा ते बारा तमुक. सरांचा तास तीन ते चार. तो कुणालाच नको असतो, म्हणून त्यांनी मागून घेतलेला. बावीस वर्षं त्यांनी तो सांभाळला होता.

मी हो म्हणालो. म्हाताऱ्या माणसाला सोडायला जायचं, यात विचार करण्यासारखं काय होतं? विचार नंतर सुरू झाला.

सुरुवातीचे तीन-चार महिने मी बाहेरच गाडीत बसून राहिलो. मग सरांचे गुडघे कुरकुरू लागले. ते गुडघे टेकून बसायचे आणि मग त्यांना उठताच यायचं नाही. एकदा आत गेलो तेव्हा ते बाकाला धरून तसेच अडकलेले दिसले. त्यानंतर मी आत, त्यांच्या मागच्या बाकावर बसू लागलो. चार वाजले की त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायचो.

ज्यांनी ही आराधना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मिस्सेमध्ये धर्मगुरू बेखमीर भाकर, म्हणजे गव्हाची पातळ गोल चकती, हातात घेऊन येशूच्या शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात. कॅथलिकांची श्रद्धा अशी की त्या क्षणापासून ती भाकर भाकर राहत नाही. रूप, रंग, चव तीच, पण ते ख्रिस्ताचं शरीर होतं. खूण नव्हे, आठवण नव्हे, प्रत्यक्ष तो. ही श्रद्धा एकदा धरली की पुढचं सगळं ओघानेच येतं. मिस्सा संपल्यावरही तो तिथे आहेच, मग त्याच्यासमोर बसायचं. ती चकती काचेच्या गोल कुपीत ठेवून, सूर्यकिरणांसारख्या कडा असलेल्या सोनेरी पात्रात वेदीवर मांडतात. त्या पात्राला मॉन्स्ट्रन्स म्हणतात. लॅटिनमधल्या 'दाखवणे' या क्रियापदावरून आलेला हा शब्द. शेवटी धर्मगुरू ते उचलून लोकांना आशीर्वाद देतात तेव्हा उघड्या हातांनी धरत नाहीत, खांद्यावरच्या शालीत हात गुंडाळून धरतात. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अम्मी आठवली. कुरआन शरीफ जुजदानातून काढताना तिचे हात असेच व्हायचे.

याला इतिहासही मोठा आहे. 1264 साली पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चला लागू केला. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चमध्ये 1885 पासून ही आराधना अखंड चालू आहे, दिवस-रात्र. तिथेही माणसांच्या पाळ्याच लागतात. कारण साधा नियम आहे. पवित्र साक्रामेंत असं उघड मांडलेलं असताना त्याच्यासमोर कुणीतरी असलंच पाहिजे. एकटं सोडायचं नाही.

आता माझी अडचण सांगतो. मी मुसलमान आहे. अल्लाह कुठल्याही वस्तूत उतरत नाही, त्याला रूप नाही, आकार नाही, हे मी बोलायला शिकलो तेव्हापासून शिकलो. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूपुढे माणूस 'हा माझा देव' म्हणून गुडघे टेकतो, त्याला आमच्याकडे काय शब्द आहे हे वाचकांना सांगायला नको. आणि त्याच खोलीत मी बसलो होतो.

मशिदीत कुणीतरी विचारलंच, "तुम्ही रात्री चर्चमध्ये बसता म्हणे?" मी सरळ मौलानांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "झुकता का?" म्हटलं, नाही. "मग बुजुर्गांना नेणं-आणणं सवाबाचं काम आहे. पण जमलं तर बाहेर थांबा." मी म्हटलं, त्यांना उठवायला आत जावं लागतं. ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "मग बसा. आपलं काय ते मनात ठेवा."

एकदा परतीच्या वाटेवर मी सरांना हे सगळं बोलून दाखवलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "आणि तुम्ही त्या काळ्या दगडाचा मुका घेता, ते?" मी म्हटलं, "सर, हजरत उमर यांनी त्या दगडालाच ऐकवलं होतं की तू नुसता दगड आहेस, तुझ्याने कुणाचं भलं-बुरं होत नाही. रसूलुल्लाहंनी मुका घेतला म्हणून मी घेतो, एवढंच. आमच्याकडे दगड दगडच राहतो."

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरोबर. आमच्याकडे भाकर भाकर राहत नाही. फरक तिथेच आहे. तो पुसू नकोस, मीही पुसणार नाही."

मला ते आवडलं. आपल्याकडे सर्वधर्मसमभावाच्या भाषणात सगळं एकच, सगळे रस्ते एकाच ठिकाणी, असं म्हणून मोकळे होतात. त्यात कुणाचं काहीच समजून घ्यावं लागत नाही.

कुरआनच्या पाचव्या सूरेचं नाव 'माइदा' आहे, म्हणजे अन्नाने मांडलेलं ताट किंवा दस्तरखान. हजरत ईसांचे हवारी त्यांना म्हणतात, आमच्यासाठी आकाशातून असं ताट उतरव, आणि ईसा अल्लाहकडे दुआ करतात. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. मी लगेच म्हटलं, "पण सर, आमच्या गोष्टीत अन्न अल्लाहकडून येतं. अन्न अल्लाह होत नाही." ते हसून म्हणाले, "माहीत आहे रे. खूश तर होऊ दे."

मग जुलैतली ती रात्र आली. धो धो पाऊस. चार वाजले, चार ते पाचवाली व्यक्ती आली नाही. सव्वाचार. साडेचार. रस्त्यात पाणी भरलं असणार. मी हळूच म्हटलं, "सर, निघू या." त्यांनी मान हलवली. "एकटं सोडून कसं जाऊ?" मला क्षणभर चीड आली. ज्याला तुम्ही सगळ्या जगाचा मालक मानता, त्याला सोबत लागते? पण त्या माणसाचा चेहरा पाहून मी काही बोललो नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसलेला माणूस असतो ना, तसा तो चेहरा होता.

पाच वाजून गेले. सरांनीच मागे वळून घड्याळ दाखवलं. "तुझी नमाज चुकेल. तू जा, मी बसतो." मी बाहेर आलो. घरी जाऊन परत येण्याइतका रस्ता चांगला नव्हता. आवारात पत्र्याची शेड होती, मोटरसायकली लावायची. तिथे नळावर वजू केला. चर्चचा वॉचमन लांबून पाहत होता. काही न बोलता त्याने एक कोरडं पोतं आणून ठेवलं आणि मोबाइलवरची गाणी बंद केली. त्या पोत्यावर गमछा टाकून मी फजर पढलो. पाठीमागे भिंतीपलीकडे सर बसले होते. साडेपाचला एक बाई चिंब भिजून आल्या, सर उठले, आम्ही घरी आलो.

त्या रात्रीनंतर मला अब्बा फार आठवू लागले.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. अब्बा शिंपी. शिंप्याच्या घरात रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे वर्षाची कमाई. रात्र रात्र मशीन चालायचं. एका वर्षी आमच्या मोहल्ल्यात एतिकाफला बसायला कुणीच तयार होईना. एतिकाफ म्हणजे रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत दुनियादारी सोडून मशिदीत मुक्काम करणं. आम्हा हनफींमध्ये असं मानतात की मोहल्ल्यातला एक जण बसला तरी सगळ्यांवरची जबाबदारी उतरते. कुणीच बसलं नाही तर सगळेच चुकले. दरवर्षी बसणारे एक म्हातारबाबा त्या साली वारले होते. विसाव्या रोज्याला संध्याकाळी अब्बांनी मशीनवर कापड झाकलं आणि वळकटी बांधली.

अम्मी रडली, भांडली. "ईद के कपडे कौन सीता? लोगां को क्या बोलूँ?" अब्बा एवढंच म्हणाले, "कोई तो बी बैठना ना." मशिदीच्या कोपऱ्यात चादरीचा पडदा बांधून ते दहा दिवस बसले. इफ्तारचा डबा मी न्यायचो. अर्धी गिऱ्हाइकं दुसऱ्या शिंप्याकडे गेली, त्यातली काही परत आलीच नाहीत. त्या ईदला आम्हा भावंडांना नवे कपडे मिळाले नाहीत. शिंप्याच्या पोरांना! मी पुष्कळ वर्षं तो राग मनात ठेवला. मला वाटायचं, तुम्ही तिथे बसून कुणाचं काय भलं झालं?

त्या राग धरलेल्या पोराला उत्तर मिळालं ते वसईच्या चर्चमधल्या मागच्या बाकावर. सरांनाही कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. ते झोपले असते तर कुणी जाब विचारला नसता. पण गाव झोपलेलं असताना एकाने जागं राहावं, आणि ते सगळ्यांच्या वतीने असावं, हे अब्बांना ठाऊक होतं तसं सरांनाही ठाऊक होतं.

सरांनी मला एकदा शार्ल द फुको यांच्याविषयीचं छोटं पुस्तक दिलं. हे फ्रेंच लष्करातले अधिकारी, श्रद्धा गमावलेले. 1883-84 मध्ये ज्यू माणसाच्या वेषात मोरोक्कोत फिरले. तिथे मुसलमानांना नमाज पढताना, अल्लाहच्या हजेरीत जगताना पाहून ते मुळापासून हलले. इस्लामने आपल्या आत उलथापालथ केली, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. 1886 मध्ये ते पॅरिसला आपल्या कॅथलिक धर्माकडे परतले, 1901 मध्ये धर्मगुरू झाले आणि अल्जीरियाच्या वाळवंटात, आधी बेनी अब्बासला आणि मग तामनरासेतला, मुसलमानांच्या शेजारी राहिले. तासन्‌तास ते या साक्रामेंतासमोर बसायचे. 1908 च्या सुरुवातीला दुष्काळात ते मरायला टेकले, तेव्हा तुआरेग शेजाऱ्यांनी आसपासच्या शेळ्यांचं असेल नसेल ते दूध गोळा करून त्यांना जगवलं. 1916 मध्ये त्यांची हत्या झाली आणि 2022 मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं.

ते फ्रेंच साम्राज्याचे समर्थक होते आणि मुसलमान एक दिवस ख्रिस्ती होतील अशी आशाही बाळगून होते, हे मी विसरत नाही. पण ज्या माणसाला नमाज पाहून देव आठवला, तो नमाजी झाला नाही, आपल्या वेदीसमोर जाऊन बसला. मला चर्चमध्ये बसून एतिकाफ आठवला. मला ही दोन्ही उदाहरणं सारखीच वाटतात. दुसऱ्याची इबादत जवळून पाहिली की माणूस आपल्याच घरी परततो, फक्त जरा जागा होऊन.

मी सरांना एकदा विचारलं, "तुम्हाला तिथे काय वाटतं?" ते म्हणाले, "बहुतेक वेळा काहीच नाही. झोप येते. गुडघा दुखतो. मुलांचा विचार येतो. तरी बसायचं. तुला काय वाटतं?" मी खरं ते सांगितलं, "मला तिथे भाकरच दिसते, सर." ते म्हणाले, "दिसते मलाही भाकरच."

मागच्या वर्षी सर अंथरुणाला खिळले. पहिला शुक्रवार जवळ आला तसे अस्वस्थ झाले. मी उशाशी बसलो होतो. "माझा तास..." एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. माझ्या घशात काहीतरी अडकलं. एवढी वर्षं गेलो-आलो, एक तास नुसतं बसायला काय हरकत होती? पण तिथे बसणं म्हणजे काय, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. श्रद्धेशिवाय त्या तक्त्यावर नाव लिहिणं हा त्यांचाही अपमान झाला असता आणि माझ्या दीनचाही. मी म्हटलं, "सर, ते मला जमणार नाही." त्यांनी डोळे मिटले. मग माझा हात दाबून म्हणाले, "ठीक केलंस. विचारायला नको होतं."

मी त्यांच्या चर्चमध्ये जाऊन निरोप दिला. पावसात भिजून आलेल्या त्या बाईंनी तीन ते चारचा तासही घेतला, आपल्या तासाला जोडून.

त्या रात्री पावणेतीनला मला आपोआप जाग आली. गजर लावलेला नव्हता. थोडा वेळ पडून राहिलो. मग उठलो, वजू केला आणि तहज्जुदच्या दोन रकात पढलो. कित्येक वर्षांत पढलो नव्हतो. सरांसाठी दुआ मागितली. अब्बांसाठी मागितली. चार वाजेपर्यंत तसाच मुसल्ल्यावर बसून राहिलो. विशेष काही वाटलं नाही. झोप येत होती.

सर त्यानंतर दीड महिन्याने गेले. पहिल्या शुक्रवारच्या आदल्या रात्री मी अजून उठतो.