फिरण्याचा हक्क आणि सोपाऱ्याचा शिलालेख

आम्ही दोघं नवरा-बायको पाठीवर एकेक सॅक टाकून पाच आठवडे श्रीलंका, थायलंड आणि कंबोडियात फिरून आलो. वटारला परतल्यावर कौतुक करणारे थोडे भेटले, हिशेब मागणारे जास्त. नातेवाईक म्हणाले, एवढ्या पैशात घराचा वरचा मजला झाला असता. चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "परदेशात भटकणं हे भरल्या पोटाचे चोचले. आपल्या पोरांची हॉस्टेलची फी थकलीय आणि तुम्ही समुद्रकिनारे बघत फिरता?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो अनेक तरुण जोडप्यांना ऐकावा लागतो. म्हणून त्याचं उत्तर जाहीरपणे देतो आहोत.

आधी पैशाचं बोलू. दोन वर्षं दोघांच्या पगारातून दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढली. मुक्काम डॉर्मिटरीत नाहीतर साध्या गेस्ट हाऊसमध्ये, प्रवास रात्रीच्या बसने, जेवण रस्त्यावरच्या गाडीवर. एका लग्नाच्या मांडव-डीजेवर याहून जास्त पैसा जातो आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही. पण खरा प्रश्न पैशाचा नाहीच. फिरणं ही चैन आहे की हक्क, हा प्रश्न आहे.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचा. त्यातले मोठे प्रसंग प्रवासाचे आहेत. मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान मुलांची जात कळताच बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, असं ठरलं. सोबत डबा होता, पण पाणी नाही म्हणून पोरं उपाशी झोपली. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. चाळीसगावात टांगेवाले त्यांना न्यायला तयार होईनात, नवख्या माणसाने टांगा हाकला आणि अपघात झाला. 1934 साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून शिवीगाळ झाली. गाडी, पाणी आणि मुक्काम या प्रवासाच्या तीन गरजा. या तिन्ही ठिकाणी जात पहारा देत होती. ज्यांना रस्ताच नाकारला गेला, त्यांच्या नातवंडांनी रस्त्यावर येणं म्हणजे चोचले कसे?

त्याच पुस्तकात बाबासाहेब लिहितात, की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याला उतरल्यावर ती परत आली. दूर जाण्याचा एक मोठा उपयोग इथे कळतो. जात निसर्गनियम नाही, ती एका जागेची व्यवस्था आहे, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि अंगाने अनुभवणं वेगळं. आपल्याकडे कोकणात एका होमस्टेवाल्याने आम्हाला खोली दाखवण्याआधी "पूर्ण नाव काय?" विचारलं होतं आणि आडनाव ऐकल्यावर खोली भरलेली निघाली होती. कॅन्डीतल्या गेस्ट हाऊसच्या मावशींनी पासपोर्टवरून तेच आडनाव वहीत उतरवलं आणि विचारलं, सकाळी नाश्त्याला काय करू? पाच आठवड्यांत आमचं आडनाव मुद्दाम विचारलं गेलं ते एकदाच. सिएम रीपच्या हॉस्टेलमध्ये भेटलेल्या एका भारतीय पर्यटकाने ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला विचारलं, "सरनेम?"

पण 'परदेशात जात नाही' असं सर्टिफिकेट वाटायला आम्ही गेलो नव्हतो. कसं फिरावं, याचं मोजमाप आमच्या गावाच्या शेजारीच मिळतं. वटारपासून थोड्या अंतरावर सोपाऱ्याचा स्तूप आहे. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा आतून करंडक, बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे निघाले. त्याच परिसरात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात 1956 साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी मिळाला.

आठव्या लेखाचा विषय काय आहे? प्रवास! गिरनार आणि इतर ठिकाणच्या प्रतींवरून त्याचा पूर्ण आशय कळतो. अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला जात. आपण अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट, दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणं आणि धम्माची विचारपूस या गोष्टी येतात. यात 'विचारपूस' हा भाग फार महत्त्वाचा आहे. आम्ही हेच मोजमाप घेऊन निघालो.

पहिला देश श्रीलंका. सोपाऱ्याचं आणि लंकेचं नातं जुनं. 'महावंस'च्या परंपरेप्रमाणे विजयाचं जहाज आधी सुप्पारकाला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला लागलं आणि मग लंकेला. 1950 साली मे महिन्यात बाबासाहेब माईसाहेबांसह कॅन्डीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. अधिकृत प्रतिनिधी म्हणून नव्हे, निरीक्षक म्हणून. इथले विधी कसे आहेत आणि बुद्धाचा धम्म लोकांच्या जगण्यात किती जिवंत आहे, हे त्यांना पाहायचं होतं. बौद्ध देशात आलो म्हणून भारावून जायचं नाही, तपासायचं, हा त्यांचा बाणा.

आम्हीही तपासलं. कॅन्डीच्या तळ्याकाठी मल्वत्त विहार आहे, सियाम निकायाचं एक मुख्य केंद्र. 1753 साली थायलंडहून आलेल्या भिक्खूंच्या मदतीने हा निकाय उभा राहिला आणि पुढे त्यातली उपसंपदा गोयिगम या शेतकरी उच्च जातीपुरती राखली गेली. बाकीच्या जातींना चीवर नाही! म्हणून नाकारलेल्या जातींतले लोक ब्रह्मदेशाला गेले, अमरपुराला दीक्षा घेतली आणि 1803 साली परतून आपला वेगळा अमरपुर निकाय उभा केला. संघाचं दार बंद झाल्यावर समुद्र ओलांडून दुसरं दार शोधणारी ही माणसं आपल्याला माहीत असायला हवीत. आजही तिथल्या रविवारच्या वर्तमानपत्रांत लग्नाच्या जाहिराती पाहा, 'गोवी' हा शब्द सापडतो.

कॅन्डीहून एल्लाला जाणारी रेल्वे बॅकपॅकर मंडळींत प्रसिद्ध आहे. दारात लटकून चहाच्या मळ्यांचे फोटो काढायचे. आम्हीही काढले, खोटं का बोला! पण त्या हिरव्यागार उतारांवर बैठ्या खोल्यांच्या रांगा दिसतात, त्यांना तिथे 'लाईन' म्हणतात. इंग्रजांनी तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांची नातवंडं-पतवंडं त्यांत राहतात आणि त्या मजुरांत दलित जातींचं प्रमाण मोठं होतं. 1948 च्या कायद्याने त्यांतल्या लाखोंचं नागरिकत्व गेलं. 1964 च्या सिरिमा-शास्त्री करारात माणसं वाटली गेली: 5,25,000 भारताकडे, 3,00,000 सिलोनकडे. डब्यात मळ्यातल्या शाळेची एक शिक्षिका भेटली. ती म्हणाली, पर्यटक चहाचे प्रकार विचारतात, मजुरी कुणी विचारत नाही. ज्या साली हे लोक देशहीन होते, त्याच 1950 साली बाबासाहेबांनी कोलंबोत तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचं आवाहन केलं होतं. बौद्ध देशातही अस्पृश्य आहेत, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

थायलंडमध्ये जोडप्याने फिरण्याचा अर्थ कळला. पहाटे भिक्खूंना दान देताना एकाच्या हातचं थेट घेतलं गेलं, दुसरीसाठी कापड पुढे आलं. च्यांग माईत एका छोट्या मंदिराबाहेर स्त्रियांना प्रवेश नसल्याचा फलक होता आणि कारण म्हणून मासिक पाळी लिहिली होती. आम्ही दोघंही आत गेलो नाही. 1928 साली तिथल्या संघराजाने स्त्रियांना दीक्षा देण्यावर बंदी घातली. ती झुगारून धम्मानंदा भिक्खुणींनी 2003 साली श्रीलंकेत उपसंपदा घेतली. त्या आधी विद्यापीठात प्राध्यापक होत्या. ज्या लंकेत जातीने चीवर अडवलं, तिथेच एका थाई स्त्रीला ते मिळालं. म्हणून कोणताही देश पूर्ण पवित्र किंवा पूर्ण पापी समजू नये.

कंबोडियात अंकोरचे बायोनचे चेहरे सगळेच पाहतात. आम्हाला जास्त भावला तो जयवर्मन सातवा या बौद्ध राजाच्या शिलालेखांतला हिशेब: 102 रुग्णालयं आणि रस्त्यांवर 121 विश्रामगृहं. बाराव्या शतकाच्या अखेरीस वाटसरूच्या मुक्कामाची सोय हे राज्याचं काम मानलं गेलं. आणि विसाव्या शतकात कोलंबियाहून शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात खोली मिळेना.

आता त्या ज्येष्ठांना उत्तर. हॉस्टेलची फी भरली गेली पाहिजे, त्यासाठी आम्ही वर्गणी देतो आणि मोर्च्यालाही येतो. पण फी आणि पासपोर्ट यांतलं एक निवडा, असं फक्त आपल्याच पोरांना का सांगायचं? मात्र तरुणांनो, नुसती रील काढून परतायचं असेल तर ती विहारयात्राच झाली. जिथे जाल तिथे तीन गोष्टी विचारा: इथलं काम कोण करतं, त्याला काय मिळतं आणि कुणाला कुठे आत येऊ देत नाहीत. उत्तरं वहीत लिहा आणि वस्तीत येऊन सांगा. बायकोला, बहिणीला, मैत्रिणीला बरोबरीने न्या, कारण निम्मे बंद दरवाजे पुरुषाला दिसतच नाहीत.

सुरुवात परदेशापासून करायची गरज नाही. कार्ल्याच्या लेण्यात एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दान दिला आहे. खांबावर तसं कोरलेलं आहे. आमच्या भागातला माणूस दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून तिथवर पोचला होता. एका रविवारी तो खांब शोधायला जा.

जय भीम!