असईच्या उंचवट्यावरून

जालना

ती. काकांस,


असईला पाहण्यासारखं काय उरलंय, असं तुम्ही ग्वाल्हेरहून विचारलंत. बांधलेलं फारसं काही नाही. पण जमीन जशीच्या तशी आहे आणि ती वाचता येते. म्हणून गावात न शिरता मी आधी केळणा नदीच्या दक्षिणेला, शेतांमधल्या उंचवट्यावर गेलो. इकडच्याच उंच जागेवरून २३ सप्टेंबर १८०३ च्या दुपारी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांची छावणी न्याहाळली होती.

समोर केळणा, पलीकडे जुई. दोन्ही नद्या पूर्वेकडे जवळ येत येत मिळतात. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आपली फौज होती. दोन्हीकडे पाणी, म्हणून जागा भक्कम वाटली असणार. पुढे उतार नाही, असं वेलस्लीचे वाटाडे सांगत होते. त्याला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळची गावं म्हणजे मधून ये-जा असणारच, हा त्याचा हिशेब. तो खरा ठरला. आपल्या नदीचा उतार परक्याने गावांवरून ओळखला, हे तिथे उभं राहिल्यावर फार लागतं.

तो नदी उतरल्याचं कळताच शिंद्यांच्या कवायती पलटणींनी दक्षिणेकडचं तोंड पूर्वेकडे फिरवलं. एवढी मोठी रांग शत्रूसमोर काटकोनात वळवणं सोपं नाही. त्यांचा सेनानी पोलमन हनोव्हरचा होता, पण पाय आणि हात इथल्या शिपायांचे होते. आणि तोफा! इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल त्यांनी लोळवले, तेव्हा वेलस्लीला आपल्या तोफा मागे टाकून नुसत्या संगिनींवर पुढे जावं लागलं. असई गावाच्या फार जवळ गेलेल्या त्यांच्या ७४व्या पलटणीची तर धूळधाण झाली. आपले गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रूची रांग पुढे सरकताच उठून त्याच तोफा त्यांनी तिच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांचे ४२८ ठार, ११३८ जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाने आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, तर असई, असं सांगितलं.

मग हरलो कसे? याचं उत्तर मला त्या उंचवट्याच्या बाजूलाच सापडलं. दक्षिण काठावर वेलस्लीने म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार ठेवले होते. काका, पेशव्यांचे! नदीच्या एका काठावर पेशव्यांचे घोडे, दुसऱ्या काठावर त्यांच्याच सरदारांची फौज. आपण याला इंग्रज-मराठा युद्ध म्हणतो. त्या काठावर उभं राहिलं, की भाऊबंदकीचा शेवटचा अंक दिसतो.

पहिले अंक पुण्यात झाले. १८०० मध्ये नाना फडणीस गेले आणि आवरणारा हात उरला नाही. १८०१ मध्ये पेशवे बाजीरावांनी विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा उधळल्या. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईला सही करून बसले. त्या तहानेच इंग्रज फौज आपल्या धन्याची फौज म्हणून दख्खनेत फिरू लागली. असईला होळकर आले नाहीत. पुढच्या वर्षी ते लढले, तेव्हा शिंदे-भोसल्यांनी तह करून टाकले होते. दौलतराव शिंद्यांना मी यातून सोडत नाही, तुम्हाला वाईट वाटलं तरी. त्या दिवशी त्यांचे हजारो स्वार जवळ असून पलटणींच्या मदतीला धावले नाहीत. दोष फंदफितुरीवर ढकलून आपण मोकळे होतो. पण गोलंदाज फितूर नव्हते, आणि मला लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

इंग्रजांचा घोडदळाचा अधिकारी मॅक्सवेल तिथे पडला, त्याचं नाव पुस्तकापुस्तकात आहे. आपल्या गोलंदाजांचं मात्र एकही नाव मला सापडलं नाही. तुमच्या ग्वाल्हेरीत जुन्या सरदार घराण्यांकडे कवायती पलटणींचे पगारपट किंवा हजेरीचे कागद असतील, तर एवढं काम माझ्यासाठी करा. एकेक नाव उतरवून पाठवा. असईच्या शाळेत ती यादी लावायची आहे. तिथल्या मुलांना वेलस्ली ठाऊक आहे.

तुम्ही याल तर पावसाळा सरता सरता या, लढाई झाली त्याच दिवसांत. नद्यांना पाणी असतं, आणि पिंपळगावचा उतार चालत ओलांडून पाहता येईल.

आपला,
भाऊ